शिक्क्यासकट रेकॉर्डिंग

बिबवेवाडी, पुणे ३७
रविवार, १२ जुलै २००९

चि. निकिता हिस आत्याचे आशीर्वाद.

तू फोन करतेस तेव्हा तुझ्या कंपनीची बस यायची असते आणि मी करते तेव्हा तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून हे पत्र. बिबवेवाडीहून हिंजवडीला पोचायला माणसाला अडीच तास लागतात आणि पत्राला दोन दिवस, पण पत्र वाटेत ट्रॅफिकला शिव्या देत नाही. शिवाय चौतीस वर्षं पोस्टात काढून मी आता ई-मेल लिहायला लागले, तर हलवायाच्या बायकोने शेजारच्या दुकानातून पेढे आणल्यासारखं दिसेल.

काम असं आहे. तुझा कॉलेजातला कॉम्प्युटर तू माझ्याकडे महिनाभरासाठी ठेवून गेलीस, त्या महिन्याला आता दोन वर्षं झाली. त्यावर घाटातल्या मोटार शर्यतीचा एक गेम आहे. सुरुवातीला मी फक्त धूळ पुसायची. एकदा पुसता पुसता बटण दाबलं गेलं आणि गाडी सुटली. तेव्हापासून माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

तर ४ जुलैला, शनिवारी दुपारी, मी शेवटचा घाट तीन मिनिटं छप्पन्न सेकंदांत उतरले. कठड्याला एकदाही न घासता.

तळमजल्यावरचे रावसाहेब तुला माहीत आहेत. सोसायटीचे अध्यक्ष, लष्करात बावीस वर्षं जवानांना ट्रक चालवायला शिकवलेले. त्यांनी ह्याच गेमची सीडी माझ्याकडून नेली आणि परत देताना तिच्यावर ओरखडा दिला. त्यांची वेळ चार मिनिटं अठरा सेकंद. मी माझी वेळ त्यांना जिन्यात सहज सांगितली. सहज म्हणजे, त्यांची वाट बघत वीस मिनिटं जिन्यात उभी होते. ते म्हणाले, "चंद्रभागाबाई, ज्यांनी आयुष्यात सायकलवर पाय टाकला नाही, त्यांनी घाटाच्या गोष्टी सांगू नयेत."

मी त्यांना वर आणून गेममधला निकालाचा तक्ता दाखवला. तर म्हणाले, तिथे नाव कुणीही टाइप करू शकतं. भाची कॉम्प्युटरमध्ये आहे, गाडी तिने चालवली असेल आणि नाव तुमचं घातलं असेल. समोर चालवून दाखवायचं म्हटलं, तर कुणी मागे उभं राहिलं की माझा हात चळतो. काउंटरवरही रांगेतल्या माणसाने आत डोकावलं की माझी बेरीज चुकायची.

रावसाहेब एवढ्यावर थांबले असते तर मी तुला पत्र लिहिलं नसतं. आपल्या सोसायटीतल्या सोळा टपालपेट्यांच्या जादा किल्ल्या माझ्याकडे असतात. गावाला गेलेल्यांची पत्रं मी काढून ठेवते, आल्यावर ज्याची त्याला देते. निवृत्तीनंतर पोस्टातलं माझ्याजवळ एवढंच उरलं आहे. रावसाहेब चारचौघांत म्हणाले की जी बाई खेळातल्या वेळेबद्दल थाप मारते, तिच्याकडे लोकांच्या टपालाच्या किल्ल्या ठेवाव्यात का, हे वार्षिक सभेत ठरवू. सभा २० सप्टेंबरला आहे. निकिता, माझ्या हातून कुणाचं पोस्टकार्डसुद्धा कधी गहाळ झालं नाही. मला फार लागलं ते.

कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतला श्याम म्हणतो, कॉम्प्युटरवर चाललेला खेळ जसाच्या तसा टिपून ठेवणारी सॉफ्टवेअरं मिळतात. कुठलं घ्यावं ते कळव. फुकट असेल तर आधी कळव.

तुझी,
आत्या


हिंजवडी
गुरुवार, १६ जुलै २००९

ती. आत्या, सा. न.

तीन छप्पन्न? आत्या, मी इंजिनिअरिंगची चार वर्षं तो गेम खेळले आणि माझी वेळ चार सव्वीस आहे. रावसाहेबांना सांग की गाडी मी चालवली असती तर त्यांना एवढा त्रास झालाच नसता.

इथे कामाचा नुसता धबडगा आहे. सप्टेंबरात रिलीज आहे, अमेरिकेचा क्लायंट डोक्यावर बसलाय, जेवायलाही वेळ मिळत नाही. तरी तुझ्यासाठी ऑफिसातल्या मशीनवर चार सॉफ्टवेअरं घालून बघितली.

पहिलं सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्याची फुकट आवृत्ती फक्त तीस सेकंद टिपते. तू तोवर पहिल्या वळणावरही नसशील. दुसरं पूर्ण फुकट आहे आणि कितीही वेळ चालतं, पण ते चालू केलं की गेम अडखळतो. तुझा कॉम्प्युटर माझ्याइतकाच थकलेला आहे, त्याला दोन कामं एकदम झेपणार नाहीत. तिसरं सुंदर आहे, पंधरा दिवस फुकट वापरू देतं आणि सोळाव्या दिवशी दारात उभं राहतं. चौथं हलकं आहे, गेम अजिबात अडखळत नाही, फुकटात दहा मिनिटं टिपतं आणि दहा मिनिटं झाली की आपणहून थांबतं. पण त्यात एक खोट आहे. चित्राच्या वरच्या बाजूला, अगदी मधोमध, ते स्वतःचं नाव छापतं आणि शेजारी तारीख-वेळ. ते पुसता येत नाही. नेटवर लोक त्याबद्दल जाम वैतागलेत.

माझं मत तिसऱ्याला. पंधरा दिवसांत तू नक्की जिंकशील. सरावासाठी गेम नुसता खेळ, जमायला लागलं की मगच सॉफ्टवेअर घाल, म्हणजे दिवस वाया जाणार नाहीत.

आता पळते, मीटिंग आहे.

तुझी,
निकिता

ता. क. प्रत्येक सॉफ्टवेअरने तोच घाट टिपून बघितला. फाईल केवढी होते, आवाज मागे पडतो का, चित्र फाटतं का, ते सोबतच्या तीन पानांत लिहिलंय.


बिबवेवाडी
बुधवार, २२ जुलै २००९

चि. निकिता हिस आशीर्वाद.

तीन पानं मिळाली. दोनदा वाचली. इतकी स्वच्छ तपासणी मी आमच्या खात्याच्या निरीक्षकांचीसुद्धा बघितली नाही, आणि ते तर त्यासाठीच जीपने यायचे. एवढ्या धबडग्यात तुला हे जमलं, ह्याचं कौतुक वाटतं.

मी चौथं घेणार. तू ज्याला खोट म्हणतेस तोच त्याचा गुण आहे. लोक कशाला वैतागतात ते मला कळत नाही. शिक्का नसलेलं पाकीट मी चौतीस वर्षांत कधी पुढे सरकवलं नाही. शिक्का म्हणजे काय, तर ही वस्तू अमक्या ठिकाणी, अमक्या दिवशी, अमक्या वेळी होती. माणूस काहीही सांगो, शिक्का आपलं सांगतो. रावसाहेबांसमोर कोरं चित्र नेलं तर ते म्हणतील कुठूनही आणलं. कपाळावर तारीख-वेळ असली म्हणजे तोंड उघडायला जागा नाही. आणि पंधरा दिवसांचं ते तिसरं मला नको. फुकट म्हणून आत येतं आणि मग मुक्काम मागतं, असे पाहुणे आपल्याकडे पुष्कळ झाले.

सॉफ्टवेअर सीडीवर घालून पाठव. माझ्याकडे इंटरनेट नाही आणि श्यामचा कॉम्प्युटर शिंकतो.

आणखी काय? इथे नळाला दिवसाआड पाणी येतंय. धरणाच्या बाजूला पाऊस कसा आहे, तुला काही कल्पना?

तुझी,
आत्या


हिंजवडी
गुरुवार, ३० जुलै २००९

ती. आत्या, सा. न.

हिंजवडीत कुठलं आलंय धरण? इथे पाऊस पडला की आधी रस्ता भरतो, मग बस भरते, आणि मग माझं डोकं. पण पाण्याची काळजी करू नकोस, चांगला पाऊस आहे. भिंतीजवळचे खडक परवाच बुडाले, असं कुणीतरी म्हणत होतं.

सीडी सोबत आहे. आत सेटअप नावाचं चित्र दिसेल, त्यावर दोनदा दाब आणि मग प्रत्येक प्रश्नाला हो म्हण. मला माहीत आहे की हे तुझ्या स्वभावात नाही, पण म्हण. गेम सुरू झाला की एफ बारा दाब, टिपणं सुरू. घाट संपला की पुन्हा एफ बारा, टिपणं बंद. आवाजाच्या पानावर दोन चौकटी आहेत. वरची गेमच्या आवाजाची, तिच्यात बरोबरची खूण राहू दे. खालची मायक्रोफोनची, तिच्यातली खूण काढ, नाहीतर तुझ्या खोलीतले सगळे आवाज आत जातील.

सध्या दिवसाचे बारा तास ऑफिसात जातात. बाकी सगळं मजेत.

तुझी,
निकिता


बिबवेवाडी
सोमवार, १० ऑगस्ट २००९

चि. निकिता हिस आशीर्वाद.

पुण्यात स्वाइन फ्लूने हलकल्लोळ केलाय ते तुला माहीतच आहे. शाळा बंद, नाट्यगृहं बंद, सगळा गाव तोंडाला फडकं बांधून फिरतोय. रावसाहेबही. दोन दिवस इतकी शांतता वाटली की काय सांगू. तू बाहेर हिंडत असशील तर तोंड झाक. म्हणजे ऑफिसातच असशील म्हणा.

सॉफ्टवेअर बसलं. प्रत्येक प्रश्नाला हो म्हणताना जीव वर-खाली होत होता. पहिल्या आठवड्यात मी एकेचाळीस वेळा घाट उतरले आणि एकेचाळीसही वेळा टिपून ठेवलं, कारण नोंद फाडायची नसते. बेचाळिसाव्या वेळेला कॉम्प्युटर म्हणाला, जागा संपली. मग मन घट्ट करून तीन ठेवले, बाकीचे काढले. आतापर्यंतची सगळ्यात चांगली वेळ चार मिनिटं दोन सेकंद.

चार दोनचं ते टिपण मी रावसाहेबांना दाखवलं, अंदाज घ्यायला. फडक्याआडून त्यांनी ते नीट बघितलं. शिक्का बघितला, तारीख बघितली, वेळ त्यांच्या घड्याळाशी पडताळली. मग म्हणाले, गाडी दिसते बाई, पण चालवणारा कुठे दिसतो? त्या दिवशी तुमची भाची आली नव्हती कशावरून?

त्यांचं म्हणणं मला पटलं आणि म्हणूनच जास्त राग आला. गाडी कुणी चालवली, हे शिक्का सांगत नाही. आता काय करू? सभेला चाळीस दिवस उरलेत. काल मी किल्ल्यांचा जुडगा घासून पुसून ठेवला, परत करायची वेळ आली तर मळका दिसू नये म्हणून.

तुझी,
आत्या


हिंजवडी
सोमवार, १७ ऑगस्ट २००९

ती. आत्या, सा. न.

जुडगा आधी जागेवर ठेव. उपाय अगदी सोपा आहे, मीच मूर्ख म्हणून सुचला नाही. आवाजाच्या पानावरची ती खालची चौकट आठवते? तिच्यात खूण कर. म्हणजे तुझा आवाज गेमबरोबरच टिपला जाईल. शर्यत चालू असताना तू काहीतरी बोल, तारीख सांग, नाव सांग. कॉम्प्युटरवर जो पांढरा माइक आहे तो कीबोर्डच्या शेजारी ठेव.

फक्त एवढं लक्षात ठेव, की ती खूण असेपर्यंत खोलीतलं सगळं आत जातं. कुकरची शिट्टी, दारावरची भाजी, शेजारच्या यमुनाबाईंचं बोलणं, सगळं. म्हणून घाट संपल्या संपल्या एफ बारा दाबायचं आणि खूण काढून टाकायची. विसरलीस तर दहा मिनिटं होईपर्यंत ते ऐकत बसेल.

गणपतीला येता येणार नाही गं. रिलीजमुळे सगळ्यांच्या सुट्या रद्द आहेत. मॅनेजर म्हणाले, निकिता, तू नसलीस तर सगळं अडेल.

तुझी,
निकिता


बिबवेवाडी
बुधवार, ९ सप्टेंबर २००९

चि. निकिता हिस आशीर्वाद.

झालं. रविवारी दुपारी, ६ तारखेला, तीन मिनिटं छप्पन्न सेकंद. पुन्हा तेच, एक सेकंदही इकडे-तिकडे नाही.

बोलायचं काय, हा प्रश्न मला पडला होता. नाव-तारीख सांगायला गेले की वळण चुकायचं. मग लक्षात आलं की मी गाडी चालवताना एरवीही बोलतच असते. तुला कधी सांगितलं नाही, पण तो घाट मी टपालासारखा पाठ केलाय. पोस्टात लागले तेव्हा वर्गवारीच्या खणांपुढे उभं राहून पत्रं टाकायची, डोळे पत्त्यावर आणि हात आपोआप खणाकडे. डावीकडे स्वारगेट, उजवीकडे कात्रज, वर सासवड, खाली भोर. घाटातल्या प्रत्येक वळणाला मी एकेक खण दिलाय. तोंडाने गाव म्हणायचं, हात आपोआप वळतो. रावसाहेब रस्ता बघून गाडी चालवतात, म्हणून त्यांना चार अठरा लागतात.

सीडी सोबत पाठवतेय, रजिस्टर पोस्टाने. सभेपुढे ठेवण्याआधी तुझी तपासणी व्हायला हवी. चित्र फाटतं का, आवाज मागे पडतो का, सगळं बघ. शेवटपर्यंत बघ. तपासणी करणाऱ्याने मध्येच सोडायचं नसतं, हे तुला मी सांगायला नको.

तुझी,
आत्या


हिंजवडी
सोमवार, १४ सप्टेंबर २००९

आत्या,

सीडी शनिवारी मिळाली. माझी रूममेट नम्रता हिच्या लॅपटॉपवर लावली. नम्रता म्हणाली मलाही बघायचंय, म्हणून दोघी कॉटवर बसून बघत होतो. तुझी गावं ऐकून आम्ही हसून हसून बेजार झालो. "रावसाहेब इथे ब्रेक मारत असतील, मारोत बापडे," हे तर नम्रताने तीनदा मागे नेऊन ऐकलं. तीन छप्पन्नला गाडी थांबली, आम्ही टाळ्या वाजवल्या.

पण टिपणं थांबलं नव्हतं. एफ बारा दाबायचं राहिलं होतं, आत्या.

गाडी नुसती उभी, वर तो शिक्का, आणि दार वाजल्याचा आवाज. मग यमुनाबाई. आधी वाटीचं काहीतरी झालं. मग त्यांनी विचारलं, निकिता कशी आहे. आणि तू म्हणालीस, "तिची नोकरी गेलीय."

नम्रताने माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. तू सांगत होतीस की पाकिटावर वर हिंजवडी लिहिलेलं असतं आणि शिक्का खडकवासल्याचा असतो. गुरुवार, पुन्हा गुरुवार, मग सोमवार, तिन्ही कामाचे दिवस. कामात बुडालेला माणूस चार ओळी लिहितो, ही तीन-तीन पानं लिहिते. यमुनाबाई म्हणाल्या की मग विचार की तिला सरळ. तेव्हा तू म्हणालीस, "पाकिटाच्या बाहेर जे छापलेलं असतं ते वाचायचा मला हक्क आहे. आतलं ज्याचं त्याने उघडावं. मला एवढंच वाटतं, पोरीने धरणाच्या भिंतीवर एकटीने डबा खाऊ नये."

नम्रताने फक्त एवढंच विचारलं, "मग तू रोज सकाळी जातेस कुठे?"

आत्या, ४ जूनला मला काढलं. माझ्याबरोबर अकरा जणांना. प्रोजेक्ट बंद झाला म्हणाले, खुर्चीला लावलेलं जाकीट तेवढं घेऊ दिलं. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही, आणि तुला तर नाहीच, कारण मी नोकरीला लागले तेव्हा तू सोळाही घरांत पेढे वाटले होतेस. हॉस्टेलमध्ये सगळ्या कंपन्यांतल्याच मुली. म्हणून रोज सकाळी गळ्यात जुनं ओळखपत्र घालून निघायचे आणि दोन बस बदलून खडकवासल्याला जाऊन बसायचे. तिथे ओळखीचं कुणी भेटत नाही. तुला पत्रं तिथेच लिहायचे. ऑफिसातलं मशीन नव्हतंच, सगळी सॉफ्टवेअरं संध्याकाळी नम्रताच्या लॅपटॉपवर घातली होती. खरं सांगू, तुझ्या घाटाची ती तपासणी हे तीन महिन्यांत मी केलेलं एकमेव काम. ते करताना मला बरं वाटायचं. पत्रावर शिक्का मारतात हे माहीत होतं, पण तो कुणी वाचतं हे डोक्यात आलं नाही. आणि पत्र कुणाला पाठवत होते, तर तुला.

मी खोटं बोलले. तुझ्यावर खोटेपणाचा आळ आला म्हणून तू जीव तोडून घाट उतरत होतीस, आणि मी तुला क्लायंटच्या गोष्टी सांगत होते. मला फार शरम वाटतेय.

आता कामाचं. ही सीडी अशीच सभेत लावू नकोस, सगळ्या सोसायटीला कळेल. मी चार मिनिटांनंतरचा भाग कापून नवीन सीडी केलीय, ती सोबत आहे. शिक्का शाबूत आहे. चित्र फाटत नाही, आवाज मागे पडत नाही. आणि पुढच्या वेळेला एफ बारा विसरू नकोस.

निकिता


बिबवेवाडी
सोमवार, २१ सप्टेंबर २००९

चि. निकिता हिस अनेक आशीर्वाद.

आधी सभेचं सांगते, कारण तुझ्या तपासणीवरच सगळं उभं होतं.

काल सकाळी दहाला खाली पार्किंगमध्ये कॉम्प्युटर मांडला. सोळा घरांतली माणसं तोंडाला फडकी बांधून बसली होती, त्यामुळे कोण हसतंय ते कळत नव्हतं. रावसाहेब पहिल्या खुर्चीवर, हातात घड्याळ. तू पाठवलेली चार मिनिटांची सीडी लावली. स्वारगेट, कात्रज, सासवड, भोर सुरू झालं. रावसाहेबांच्या ब्रेकवर फडक्यांमागून हसू फुटलं. शर्यत संपली तेव्हा रावसाहेब घड्याळाकडे बघतच नव्हते.

ते उठले. मला वाटलं आता नवीन हरकत काढतील. त्यांनी फडकं खाली केलं आणि म्हणाले, "ही बडबड माझ्या ओळखीची आहे. सुट्टीवर आलो की आईला मनीऑर्डर करायला मी ह्यांच्याच काउंटरवर उभा राहायचो. आत अशीच गावं चालू असायची. आईची मनीऑर्डर एकदाही चुकली नाही." मग म्हणाले की वेळ खरी आहे, किल्ल्या आहेत तिथे राहतील, आणि शब्द मागे घेतो. एवढं बोलून खाली बसले. संध्याकाळी येऊन विचारून गेले की भोरच्या वळणावर नेमकं कधी वळायचं. मी सांगितलं नाही.

मला रडू आलं, निकिता. फडक्यामुळे निभावलं.

आता तुझं. नोकरी गेली तर गेली. बाराजणांना एकदम काढतात तेव्हा त्यात तुझं काही चुकलेलं नसतं. बाबांना मी सांगत नाही, ते तू सांग. मी शेजारी बसेन. त्या तीन पानांची मी झेरॉक्स काढून ठेवलीय. जो चार सॉफ्टवेअरं घेऊन एकच घाट चार-चारदा तपासतो, त्याला काम मिळत नाही असं होत नाही, फक्त पत्ता बरोबर असावा लागतो. तो मिळून शोधू. पेढे मी पुन्हा वाटीन, ते माझ्याकडे लागलं.

आणि एक दुरुस्ती. एफ बारा विसरले असं तू लिहिलंस. चौतीस वर्षांत माझ्या हातून शिक्का मारायचा राहिला नाही, आणि मी बटण दाबायची विसरेन? तुझं पाकीट मी उघडणार नव्हते. पण माझं पाकीट तुझ्या हातात द्यायला मला कुणी अडवलं नव्हतं. ते रजिस्टर केलं होतं. तुझं पत्र आलं, तीच पोचपावती.

रावसाहेबांना मात्र एक गोष्ट कधीही कळू देऊ नकोस. यमुनाबाई स्वयंपाकघरात थांबून होत्या आणि घाट संपला की दार वाजवायचं, असं ठरलं होतं. शुक्रवारी, ४ तारखेला, मी तीन छप्पन्न केले आणि त्या आत येऊन शेंगदाण्याची चटणी कशी कुटायची तेच सांगत बसल्या, दहा मिनिटं संपली. शनिवारी तीन सत्तावन्न केले, तर दाराशी त्यांना हसू आवरेना. रविवारी कुठे नीट विचारलं त्यांनी, निकिता कशी आहे म्हणून. सभेला एकदा पुरलं असतं ते मला यमुनाबाईंपायी तीनदा करावं लागलं.

पण धरणाच्या भिंतीबद्दल जे बोलले ते ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं.

येत्या सोमवारी दसरा आहे. ये.

तुझी,
आत्या


शुक्रवार, २५ सप्टेंबर २००९

ती. आत्या, सा. न.

हे कार्ड मी पोस्टात टाकलेलं नाही. खाली जिन्याजवळच्या तुझ्या टपालपेटीत स्वतः आणून टाकलंय, त्यामुळे ह्यावर शिक्का नाही. सोमवारपर्यंत थांबवेना. नम्रताने डबा भरून दिलाय, दोघींना पुरेल एवढा. रावसाहेब समोरच खुर्ची टाकून बसलेत आणि विचारतायत, भोरचं वळण तुला माहीत आहे का म्हणून.

तू दुपारी दोनला पेटी उघडायला खाली येतेस. मी पेटीच्या शेजारीच उभी आहे.

निकिता